पवित्रानं न वाचलेली ओळ

बिरवाडीच्या माझ्या बायाबापड्यांनो, पोलादपूरहून आणि तुडीलहून उन्हातान्हात आलेल्या पाहुण्यांनो, सगळ्यांना जयभीम.

मी इथं खुर्चीत बसले आहे आणि माझी नात सायली वाचते आहे. उभं राहून बोलायचं असं ठरवलं होतं. काल घरात दोनदा बोलून बघितलं. दोन्ही वेळा पवित्राचं नाव आलं आणि पुढचं अडकलं. मग सायलीला म्हटलं, मी सांगते, तू लिही आणि तूच वाच. मला अक्षर येत नाही हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. सायलीनं माझी भाषा थोडी विंचरली आहे, तेवढं चालवून घ्या. तिला एकच ताकीद दिली आहे. सांगितलेलं सगळं वाचायचं. एकही ओळ गाळायची नाही. का, ते पुढं कळेल.

आपली पवित्रा गेली. चार दिवसांचा ताप आला आणि गेली. तिचा नवरा गजानन मागं दाराशी बसला आहे. पुढं ये रे गजानन. जन्मभर टेम्पोत बसलास, आज माणसांत बस.

नवीन माणसांसाठी सांगते. पवित्रा नेपाळची. तिचा भाऊ महाबळेश्वरला एका हॉटेलावर पहारेकरी होता आणि ती तिथं मळ्यात स्ट्रॉबेरी खुडायला जायची. हा गजानन भाजी घेऊन आंबेनळी घाटानं वर जायचा. वर जाताना भाजी न्यायचा, खाली येताना टेम्पो रिकामा आणायचा. एके दिवशी रिकामा आणला नाही. बावीस वर्षं झाली. शेजारच्या खोलीत नवी सून आली म्हणून मी बघायला गेले, तर ही चुलीपुढं बसून कुजवून वाळवलेला मुळ्याचा पाला शिजवत होती. त्याचं सार करतात म्हणे तिकडं. मी नाकाला पदर लावला. म्हटलं, "गो बाय, हे काय मेलेलं शिजवतेस?" ती हसली आणि वाटीभर माझ्यापुढं ठेवलं. बायांनो, मी ते प्यायले. आणि नंतर बावीस वर्षं मागून मागून प्यायले.

पहिल्या पंचमीला सगळ्या सुना माहेरी गेल्या आणि ही एकटी उंबऱ्यात बसली. तिचं माहेर तिकडं नेपाळात, पाल्प्याला. आगगाडीनं तीन दिवस, मग मोटार, मग पायी डोंगर. मी म्हटलं, "ऊठ. माझ्या माहेराला चल." पोलादपूरच्या वर, घाटाच्या पायथ्याला आमची वाडी आहे. माझ्या भावजयीनं तिला न्हायला घातलं, तिची ओटी भरली, निघताना पाठीवरून हात फिरवला. त्या दिवसापासून ती मला आये म्हणायला लागली. माझ्या वाडीला माहेर म्हणायला लागली. दर वर्षी आम्ही दोघी मायलेकी एकाच माहेराला जायचो. हसू नका. असं होतं खरं.

आता तिच्या अक्षराचं ऐका. नेपाळीची बाराखडी आपलीच आहे म्हणे. वर्षभरात ही मराठी वाचायला लागली. दवाखान्याची चिठ्ठी, रेशनचा कागद, पोरांच्या शाळेचं पत्र, आळीतल्या सगळ्या बायका हिच्याकडं धावायच्या. पंचायतीच्या भिंतीवर मतदारयादी लागली की ही बोट फिरवून आमची एकेकीची नावं वाचून दाखवायची. "आये, हे तुमचं. काकी, हे तुमचं." मतदानाच्या दिवशी मला केंद्रापर्यंत न्यायची आणि माझ्या चपला सांभाळत बाहेर पायरीवर बसायची. मी बाहेर येऊन चिडवायची, "बघ पवित्रे. मला अक्षर ठो येत नाय आणि मी आत. तू एवढी पंडित आणि तुझी जागा पायरीवर." ती म्हणायची, "पुढच्या येळेला मी पण आत येईन, आये. मग चपला कोण सांभाळील बघू."

तिला एवढंच हवं होतं. त्या यादीत बोट फिरवताना एकदा स्वतःच्या नावावर थांबायचं होतं.

आठ वर्षांपूर्वी तिनं नागरिकत्वाचा अर्ज केला. त्याच्याआधी एका शहाण्यानं सल्ला दिला होता, "वैनी, एवढं कशाला? डेहराडूनची म्हणून सांगा. कोण बघतंय?" पवित्रा त्याला म्हणाली, "भाऊ, माझी आई पाल्प्याला हाय. ती जिती असताना मी तिचं गाव कसं बदलू?" झालं. खरंच सांगायचं ठरलं. महाडला कॉम्प्युटरवर अर्ज भरला. अलिबागला जिल्ह्याच्या ऑफिसात फेऱ्या झाल्या. एका पुराचं पाणी खोलीत शिरलं आणि सगळे कागद भिजले. दुसऱ्या दिवशी बघते तर हिनं ते दोरीवर चिमटे लावून वाळत घातले होते, धुण्यासारखे. मी म्हटलं, "इस्त्री पण करतेस काय?" तर खरंच करत होती, ओल्या फडक्याखालून.

त्या अर्जाला इथल्या दोन माणसांची साक्ष लागते की बाई चांगल्या वागणुकीची आहे. एक आपले गुरुजी आणि दुसरी मी. मी अंगठा दिला. पुढं चौकशीला पोलीस आला. तरणा, भला मुलगा होता. मी त्याला चहा दिला. त्यानं विचारलं, "आजी, ही बाई मूळची कुठली?"

इथं कान देऊन ऐका. ती नेपाळची हे मला माहीत होतं. पण माझ्या मनात आलं, जेवढं लांबचं गाव सांगीन तेवढा कागद लांब जाईल. आणि जवळचं सांगितलं तर लवकर होईल. शिवाय मला वाटलं मी खोटं कुठं बोलते? दर पंचमीला ती कुठं जाते? तिची ओटी कुणी भरली? मी ताठ बसून सांगितलं, "आमच्या वाडीची लेक हाय. पोलादपूरची."

तो म्हणाला, "तसं लिहू?"

"लिही की. अंगठा कुठं करू ते सांग."

मग वाट बघणं सुरू झालं. एक वर्ष गेलं. साहेब बदलले. दुसरं वर्ष गेलं. एक दिवस जाड पाकिटातून पत्र आलं. पवित्रा ते घेऊन माझ्या पडवीत आली, कारण आलेलं प्रत्येक पत्र ती मला वाचून दाखवायची. मी तांदूळ निवडत होते. ती वाचायला लागली. मध्ये एका ठिकाणी थांबली. माझ्या तांब्यातलं पाणी घेतलं, एक घोट प्यायली आणि पुढं वाचलं.

मी विचारलं, "काय म्हणतात?"

"थांबा म्हणतात, आये."

"अजून किती?"

"ते नाय लिहिलं."

मी त्या ऑफिसला चार शिव्या घातल्या. त्या पुढची सगळी वर्षं घालत राहिले. कुठलंही पत्र आलं की मी सुरू. पवित्रा म्हणायची, "जाऊ दे आये, त्यांची पण काय चूक?" मला वाटायचं, किती ही गरीब गाय.

पुढं एकदा ती माझ्या मागं लागली. "आये, तुडीलला मावशीकडं जाऊन या. लय दिवस झाले." माझी धाकटी बहीण तुडीलला दिलेली आहे. मी म्हटलं, मला काय काम आहे तिच्याकडं, ती मला बोलू देत नाही. तर हिनं माझी पिशवी भरली आणि रिक्षात बसवून दिलं. दोन दिवसांनी परत आले तर कळलं, पोलीस पुन्हा चौकशीला येऊन गेला. मी रुसले. म्हटलं, "मी साक्षीदार. मला न विचारता कशी चौकशी?" ती म्हणाली, "तुम्ही एकदा सांगितलंत ना, तेवढं पुष्कळ झालं." आणि पदर तोंडाला लावून हसली. आता कळतंय का हसली ते.

ती गेली त्याच्या पाचव्या दिवशी तिच्या आरतीनं, लेकीनं, कागदांची पिशवी आमच्याकडं आणली. म्हणाली, आजी, यांचं काय करू? सायलीनं एकेक वाचून दाखवला. इस्त्री केलेले सगळे. त्यात ते पत्र निघालं. सायली वाचत होती आणि मी ऐकत होते. त्या पत्रात एक ओळ होती जी मी कधी ऐकली नव्हती. अर्जात जन्माचं ठिकाण नेपाळ आहे, साक्षीदार महिलेनं चौकशीत पोलादपूर तालुका सांगितलं आहे, दोन्हींत तफावत आहे, सबब प्रकरण फेरचौकशीसाठी परत पाठवण्यात येत आहे.

वाच, सायली. थांबू नकोस.

ती साक्षीदार महिला मी. ज्या ऑफिसला मी शिव्या घालत होते त्यांनी आणखी वेळ घेतलाच असेल, सगळं खापर मी माझ्या डोक्यावर घेत नाही. पण गाठ मी मारली होती. आणि पवित्राला ते सहा वर्षं माहीत होतं. तिनं माझ्या हातचा चहा प्यायला, माझे पाय चेपले, माझ्या चपला सांभाळल्या, आणि ती ओळ मला वाचून दाखवली नाही.

पिशवीत आणखी एक कागद होता. तिच्या हातचा, तिनं पाठवलेल्या खुलाशाची नक्कल. तो मी सायलीकडून तीनदा वाचून घेतला. त्यात लिहिलं आहे, माझा जन्म पाल्पा, नेपाळ इथंच झाला. साक्षीदार आजी वयानं मोठ्या आहेत. त्यांनी मला लेक मानलं आहे आणि लेकीचं गाव सांगावं तसं त्यांनी सांगितलं. त्यांची चूक धरू नये.

तिचा नागरिकत्वाचा कागद आला नाही. काल सायलीनं मोबाइलवर बघितलं. अजून विचार चालू आहे म्हणे.

आमच्यात बाईला शेवटची साडी माहेराकडून येते. ती गेली त्या दिवशी अंगणात कुजबुज झाली, हिला कोण नेसवणार? पाल्प्याहून कोण पोचणार? तेवढ्यात पोलादपूरची गाडी आली आणि माझी भावजय उतरली. गुडघे दुखतात तिचे, दोघांनी धरून आणली. हातात पांढरी साडी, निळ्या काठाची. साडी आण म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या लेकीची साडी आपण न्यायची, एवढंच तिला माहीत.

ते पत्र ऐकल्यावर पंचायतीत मृत्यूची नोंद करायला गजाननबरोबर मी मुद्दाम गेले. लिहिणाऱ्यानं विचारलं, जन्माचं गाव? मी म्हटलं, नेपाळ, जिल्हा पाल्पा. नीट लिही, आणि मला वाचून दाखव. त्यानं वाचलं. मग मी विचारलं, माहेराचा रकाना कुठाय? तो म्हणाला, तसा रकाना नसतो, आजी. नसू दे.

पवित्रे, उशीर झाला, पण तुझं गाव या वेळेला मी बरोबर सांगितलं. तुझ्या आईलाही तेवढं कळव म्हणून तुझ्या भावाला फोन केला आहे.

आता आपण गप्प उभे राहू. घड्याळ लावू नका. सायली, माझा तांब्या दे. त्या दिवशी त्या ओळीपाशी ती जेवढी थांबली होती, पाण्याचा एक घोट जाईपर्यंत, तेवढंच थांबू. तिला तेवढा वेळ पुरला होता.