शाईचा धक्का

आमची कंपनी बनवत असलेल्या नव्या प्रिंटरनं मला फार रडवलं, सांगतो. शाईच्या एका छिद्रातून थेंब उडाला की दाब हलायचा, शेजारच्या छिद्राचा थेंब बिघडायचा आणि कागदावर पट्टे यायचे. साहेब तर काम बंदच करणार होते.

त्यात कोथरूडच्या घरी पाइप ठकठक वाजू लागले. सलीमभाई प्लंबर म्हणाले, "वरचे लोक नळ झटकन बंद करतात, त्याचा धक्का तुमच्याकडे येतो. हवेची बंद नळी जोडतो, ती धक्का खाईल."

"शाईचा धक्का खाईल?" मी एकदम विचारलं.

"का नाही खाणार?"

मी शाईच्या वाटेलगत हवेचा इवलासा कप्पा केला, मध्ये पातळ पडदा लावला. पट्टे गेले. पहिला स्वच्छ कागद घेऊन मी सलीमभाईंकडे धावलो.

त्यांनी तो नीट पाहिला. "छान. आपलं शिक्षण किती झालंय?"

म्हटलं, "अजून चालू आहे."