नऊवरून तीनवर

...फिरतच नाही हो! नाही म्हणजे नाहीच! दोन बोटांनी फिरावी अशी ती कडी, आणि मी दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन, श्वास कोंडून, कपाळाची शीर तट्ट फुगवून पिळतोय, आणि ती आपली जागच्या जागी... चर्चमधल्या पहिल्या बाकावर बसलेल्या म्हातारीसारखी! जरा सरक म्हटलं की आणखी घट्ट बसणार! अहो, नऊवरून तीनवर यायचं... एवढंच तर होतं!

कसली कडी म्हणता? सांगतो ना. आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी लाज किती मोठी ते कळेल. मी साल्वादोर, मिठबावचा. तीस वर्षं मालवण बंदरात ट्रॉलरांची इंजिनं दुरुस्त केली. खाऱ्या हवेत गंजून बोल्ट आणि नट नवरा-बायकोसारखे एकजीव झालेले असायचे, ते ह्या हातांनी वेगळे केले! बोटींचे तांडेल म्हणायचे, "साल्वादोराक बोलवा, तो सोडवता." आणि तुम्हाला सांगतो, तोच साल्वादोर आता बासष्टाव्या वर्षी अंगणात बसून बोटभर रुंदीच्या कडीशी कुस्ती खेळतोय, आणि शेजारची कोंबडी मान वाकडी करून बघतेय!

तर झालं काय, की रिटायर झालो आणि आंब्याच्या कलमांच्या खालच्या कुणग्यात, म्हणजे शेताच्या तुकड्यात, रताळी लावली. रताळी लावली म्हणजे काय केलं? रानडुकरांना जेवायला बोलावलं! एका पहाटे जाऊन बघतो तर कुणग्यात नांगर फिरल्यासारखा! दुसऱ्या वर्षी कुंपण घातलं, त्यांनी कुंपणासकट नेलं. शेवटी रीतसर वनखात्याकडून परवानगी काढली. वडिलांची जुनी रायफल घरात होतीच, लायसन माझ्या नावावर झालेलं. पण नजर? नजर वडिलांची नव्हती हो! पन्नास पावलांवर मला डुक्कर आणि दगड सारखेच दिसायला लागलेले.

मेल्रॉय, म्हणजे आमचा मुलगा, पुण्याला असतो. तो म्हणाला, "पप्पा, दुर्बीण लावू या बंदुकीला." आणि घेऊन आला. काळी, चकचकीत, नळीच्या मागच्या बाजूला एक कडी, कडीवर आकडे... तीन, चार, पाच, असे नऊपर्यंत. तीनवर ठेवली की आख्खा कुणगा दिसतो, डुक्कर लहान. नऊवर नेली की डुक्कर नाकाशी येतं, पण मग डुकराशिवाय काही दिसत नाही. म्हणजे कसं, आधी तीनवर बघायचं, कोण आहे, कुठे आहे, मागे काय आहे, आणि मग हवं तर वाढवायचं. मेल्रॉयने चांगलं समजावून सांगितलं. बसवायचं काम मात्र मी त्याला करू दिलं नाही. म्हटलं, "अरे, मी इंजिनं बसवली, मला काय शिकवतोस?" आणि दोन्ही क्लॅम्पचे स्क्रू असे आवळले, असे आवळले की वादळ आलं तरी दुर्बीण हलता कामा नये!

मेल्रॉय गेला. मी कडी फिरवायला घेतली. कर्र... कर्र... तीनवरून नऊवर जायला मला दोन दिवस लागले! पहिल्या दिवशी सहापर्यंत गेलो, मग अंगठा सुजला. दुसऱ्या दिवशी नऊवर पोचलो आणि गच्चीवरून समुद्राकडे बघतो तर काय... लांबच्या ट्रॉलरवर जाळं ओढणाऱ्या माणसाच्या शर्टाला बटण नाही, तेही दिसलं! खूश झालो. म्हटलं, वा! आणि परत यायला गेलो... तर कडी बसली ती बसलीच.

मेल्रॉयला फोन केला. तो म्हणे, "पप्पा, नवीन आहे, वापरून वापरून सैल होईल." अरे, चप्पल आहे काय ती? डोरथीला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारलं. ती म्हणाली, "खोबरेल घाल." दुर्बिणीत खोबरेल! मग काचेतून मला डुक्कर दिसणार की तळलेलं डुक्कर? सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बघितला, फडकं बांधून पान्याने धरून बघितली, उन्हात ठेवून बघितली. ती काय ढिम्म हलेना. डोरथी दारातून बघत होती. म्हणाली, "साल्वादोर, ती नाय फिरणा तर तू तरी फीर. आत ये, पेज थंड झाली."

बरं, मी शहाणा असतो तर काय केलं असतं? फिरत नाही तोवर बंदूक कपाटात ठेवली असती! पण नाही. म्हटलं, नऊ तर नऊ, डुक्कर मोठं दिसतंय ना, चांगलंच आहे.

तुम्हाला सांगतो, इथून पुढे मी हसत हसत सांगणार, पण तुम्ही हसाल की नाही मला ठाऊक नाही.

डिसेंबरचा महिना. पहाट झालेली, पण धुकं असं की माड कमरेपर्यंतच दिसतायत. मी फणसावरच्या मचाणावर. खाली कलमांमधून खसखस... खसखस... आवाज. आलं! बंदूक खांद्याला लावली, डोळा दुर्बिणीला. आणि काय दिसलं? तपकिरी, राठ, केसाळ पाठ. हलतेय. खाली वाकतेय, पुढे सरकतेय, परत वाकतेय. गोल काचेत पाठच पाठ! डोकं नाही, पाय नाही, काही नाही. सहा महिन्यांची रताळी डोळ्यांपुढे आली. बोट चापावर गेलं. हो... गेलं. मी खोटं कशाला सांगू? गेलं.

मग कुठेतरी वडिलांचा आवाज नाही आला, देवाचाही नाही आला. साधा हिशेब आला. म्हटलं, साल्वादोरा, पाठीत मारून डुक्कर मरत नाही, जखमी होऊन वाडीत शिरतं. कानामागे मारायला हवं. कान कुठे आहे? ते कळायला जरा मागे यायला हवं. नऊवरून तीनवर यायचं... एवढंच!

बोट काढलं. सेफ्टीचा खटका बंद केला. बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि कडी धरली. फिरेना! शर्टाचं टोक गुंडाळलं. फिरेना! थंडीने आणखीच आखडलेली. अंगठ्यातून कळ आली ती थेट खांद्यात, आणि माझं डोकं सटकलं, मचाणावर बसून मोठ्याने ओरडलो, "अगे, फीर गे मेले!"

आणि खालून डुक्कर बोललं.

"कोण तां? साल्वादोर मां?"

तुम्हाला सांगतो... डुकराने माझं नाव घेतलं! आणि पाठ सरळ झाली, घोंगडी डोक्यावरून मागे पडली, आणि खालून सुभद्रा वर बघतेय! आमची शेजारीण, सुभद्रा! कमरेला कोयती, बाजूला भली मोठी टोपली, आणि माझ्या कलमांखालचा पातेरा गोळा करतेय!

पातेरा म्हणजे सुका पालापाचोळा हो. तिला तो भातरोपाची जमीन भाजायला हवा, मला तो कलमांच्या मुळाशी हवा. ह्या पाल्यावरून आमचं तीन वर्षं बोलणं बंद! तीन वर्षं! आणि त्या तीन वर्षांत मी वाडीत दहा जणांसमोर म्हटलेलं, "परत माझ्या कलमांत इली तर बघून घेईन." आता विचार करा. मी चाप ओढला असता, आणि मग पोलिसांना सांगितलं असतं, साहेब, मला वाटलं डुक्कर... कोणी विश्वास ठेवला असता? मी तरी ठेवला असता?

ती मात्र कमरेवर हात ठेवून उभी! "वर काय करतंस रे, माकडासारखो? पातेऱ्याक पहारो? घे तुजो पातेरो! पानां मोजून घे!" आणि टोपली उपडी केली. मी खाली कसा उतरलो मला आठवत नाही. शिडीच्या दोन पायऱ्या मिळाल्याच नाहीत. खाली आलो, गुडघ्यावर बसलो आणि तो सगळा पाला परत टोपलीत भरायला लागलो. दोन्ही हातांनी. टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि तिच्या खळ्यात नेऊन ठेवली. ती माझ्या मागून आली. एवढंच म्हणाली, "साल्वादोर, तुका बरां नाय काय?"

नाही, म्हटलं. बरं नव्हतंच.

त्याच दिवशी दुर्बीण उतरवली आणि बंदूक कपाटात बंद करून मालवणला गेलो. बाजारात रमीझ आहे, कॅमेरे दुरुस्त करतो, पर्यटकांच्या दुर्बिणी दुरुस्त करतो, शांत पोरगा. क्लॅम्प अजून नळीवर होते. त्याने डोळ्याला भिंग लावलं, बारीक चावी घेतली, मागच्या क्लॅम्पचे स्क्रू जेमतेम अर्धा फेरा सैल केले, आणि एका बोटाने... एका बोटाने हो!... कडी नऊवरून तीनवर आणली.

"अंकल, ह्यां कोणी आवळल्यान?"

मी म्हटलं, "असेल कोणीतरी."

"ज्यांनी आवळल्यान, तेका सांगा, ही नळी आसा, इंजिन नाय. क्लॅम्प कडीच्या जवळ, त्यात इतको दाब. नळी आत दबली की कडी फिरतली कशी? थोडक्यात वाचली, फुटली नाय."

थोडक्यात वाचली! तो दुर्बिणीबद्दल बोलत होता.

बसने परत येताना मांडीवर ती पिशवी, आणि डोक्यात एकच. कडी नीट फिरली असती तर आख्खी सुभद्रा दिसली असती आणि प्रश्नच नव्हता. कडी फिरली नाही म्हणून मी ओरडलो आणि सुभद्रा वाचली. मग माझ्या आवळण्याने घात होणार होता की माझ्या आवळण्यानेच वाचवलं? डोरथीला सांगितलं तर ती म्हणाली, "सायबान राखलां," आणि देवापुढे मेणबत्ती लावली. लावू दे. पण मला विचाराल तर तुम्हाला सांगतो, कोणी वाचवलं ह्याचा विचार मी सोडून दिला. मारायला निघालेला कोण होता, ते मला पक्कं ठाऊक आहे. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून बघायचं म्हणजे काय? आधी बंदूक रोखायची आणि मग समोर कोण ते बघायचं! उलटंच की हो सगळं!

तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी सुभद्राकडे गेलो. ती पडवीत नारळ खवत होती.

म्हटलं, "सुभद्रा, त्या दिवशी माका तू डुकर वाटललंस."

"काय?"

"दुर्बिणीतून. बंदूक तुज्यार होती. बोट चापार होतां."

खवणं थांबलं. "मगे?"

"मगे कडी फिरवक गेलंय. फिराक नाय."

"कोणी आवळललां?"

"मियाच."

तिने हातातली खोबऱ्याची वाटी खाली ठेवली. मग पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली. "मेल्या! डुकर? गोळी घातलं असतंस तां एक वेळ चलात, पण डुकर?" हसली, हसली, मीही हसायला लागलो, आणि मग माझं लक्ष गेलं, तिने खवणी बाजूला सारली होती. हसणं केव्हाच थांबलं होतं. हळूच म्हणाली, "साल्वादोर, मे म्हयन्यात माजी चेडवां येतली. तींय थंयच फिरतत रे."

तिची चेडवां म्हणजे तिच्या पोरी हो! म्हटलं, "पातेरो होयो तितको ने." ती म्हणाली, "तो मी नेतलंयच."

आता गळ्यात साधी दुर्बीण असते. आधी तिने बघतो, कान दिसला, नाकाड दिसलं, शेपटी दिसली, मागे कोणी नाही, बाजूला कोणी नाही, मग बंदुकीकडे हात. तोवर डुक्कर जेवून, ढेकर देऊन जातं. कडी आता लोण्यासारखी फिरते हो, नऊवरून तीनवर, तीनवरून नऊवर, पण फिरवायची वेळच येत नाही!

आणि सुभद्रा गप्प बसेल तर ना! तिने वाडीभर सांगितलं. आता पहाटे मी मचाणावर चढलो की खालून जो जाईल तो मोठ्याने आपलं नाव सांगत जातो. "साल्वादोर, मी बाबली हा रे!" "सुभद्रा हा, सुभद्रा! दोन पायांची!" एक जण तर बायकोचं आणि म्हशीचंही नाव सांगून जातो. मला राग येत नाही. सांगू देत. पण एवढ्या आरडाओरड्यात डुक्कर येणार कसं? आलं तर मी बघणार केव्हा, मारणार केव्हा?

जाऊ दे... रताळी काय, बाजारात मिळतात हो.