निळ्या ठिपक्याचा मणका

शरीररचनेच्या तोंडी परीक्षेच्या रांगेतली शेवटची मुलगी पुस्तकात डोकं खुपसून होती, पण कान पुढच्या दोघांकडे.

"मानेचा पहिला मणका ओळखायचा कसा रे?"

"निळ्या शाईचा ठिपका असलेला."

"आणि पहिली बरगडी?"

"तारेनं जोडलेली."

"पण पुस्तकात खाचा, छिद्रं, उंचवटे..."

"परीक्षेला पुस्तकातली हाडं येतात का? आपल्याच कॉलेजच्या हाडांच्या पेटीतली येतात. वर्षभर तीच तर हाताळली!"

मुलीने हळूच पुस्तक मिटलं.

दार उघडून शिपाईकाका बाहेर आले.

"चला, पहिला नंबर! आज कोरी हाडं आणलीत बरं का. डाग म्हणून औषधाला सापडायचा नाही."

"काका, मग जुनी कुठायत?"

"परीक्षा घेणारे सरही मघापासून तेच विचारतायत, घाम पुसत!"