बंदच्या दिवशीची शेवंती

शिरूरच्या स्टँडवर पुण्याची एस.टी. सकाळपासून उभी होती. तिच्या सावलीत कवठे येमाईच्या रंगुबाई शेवंतीच्या दोन पाट्या घेऊन बसल्या होत्या. गळ्यात पक्षाचा रुमाल घातलेला गोकुळ त्यांना समजावत होता. मी बाकावर शेंगा खात होतो, म्हणजे ऐकतच होतो.

"मावशी, गाडी जायची न्हाई. आज देश बंद हाय."

"कशापायी रं?"

"डिझेल वाढलं. तुमच्यासाठीच चाललंय हे समदं."

"माझ्यासाठी व्हय? मग फुलं जाऊ द्या की मार्केटात. उद्या ह्यांचा पाला हुईल."

"थोडं सोसायचं, मावशी. बंदनं एका दिवसात देशाचं हजार कोटींचं नुकसान हुतंय म्हणं."

"त्यात माझी शेवंती धरलीय का?"

"धरली असंल की."

"पाट्या बघाया तर कोण आलं न्हाई."

गोकुळ गेला. दुपारी चारला मोटारसायकलवरून घाईघाईनं परत आला.

"मावशी, बंद लय कडकडीत झाला. आमच्या सायबांचा सत्कार हाय. हारासाठी दोन किलो शेवंती द्या."

"दुकानातनं घे की."

"दुकानं आम्हीच बंद केल्यात."

"मग ऐंशी रुपये किलो."

"ऐंशी? काल वीस हुती!"

"काल गाडी चालू हुती."

"ही तर लूट हाय! एवढी भाववाढ कुठं असती व्हय?"

"थोडं सोसायचं, बाबा. तुझ्या सायबासाठीच चाललंय हे समदं."