किल्ली नंबर एकशे सदतीस

बरोबर वाचलंत, ताई, वेबसाइटच. किल्लीवाल्याची. हसा हसा, सगळे हसतात — समोरचा चष्मेवाला तर तो कागद चिकटवला त्या दिवशी रस्ता ओलांडून हसायला आला. बसा त्या स्टुलावर. एक पाय आखूड आहे त्याचा, भिंतीला टेकलात की गप्प बसतो. हातातली ही एक संपवतो, मग तुमची घेतो. राहू दे पर्समध्ये तोवर, पळत नाही ती.

कशाची वेबसाइट? न नेलेल्या किल्ल्यांची. लोक येतात, अर्जंट आहे म्हणतात, डोक्यावर उभे राहतात, मग 'जाऊन येतो' म्हणतात — आणि जातात. वर बघा, खिळ्यांच्या चार रांगा, एकोणीस वर्षांच्या. प्रत्येकीला पुठ्ठ्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर, आणि नंबराची हकिगत या वहीत: तारीख, कोण आलं, कुठल्या दाराची किल्ली, काय म्हणालं, परत कधी येतो म्हणालं. हा सेहेचाळीस नंबर ऐका — 'उंच गृहस्थ. छत्री विसरले. छत्री न्यायला आले, किल्ली विसरले.' मला कोणी सांगितलं होतं लिहायला? कोणी नाही. कोणी पितं, कोणी पत्ते खेळतं, मी नोंदी ठेवतो. आमची ही म्हणते, पिणं परवडलं असतं, बाटली संपते तरी.

तिचीच कल्पना. म्हणाली, हे सगळं नेटवर टाका, कोणीतरी ओळखून घेऊन जाईल, खिळे मोकळे होतील. ती शाळेच्या कचेरीत असते, कंप्युटर येतो तिला. रविवारी बसलो दोघं. आधी नाव मागतात. नुसतं 'किल्ली' म्हटलं तर ते कोणीतरी कधीच घेऊन ठेवलंय. 'न नेलेल्या किल्ल्या' मात्र मोकळं होतं — असणारच, त्यासाठी कोण रांगेत उभं राहणार? मग पासवर्ड. त्यात एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, एक मोठं अक्षर हवं. तिसऱ्या दिवशी विसरलो. दुसऱ्यांची दारं उघडून देणारा मी, आणि स्वतःच्या दाराबाहेर अर्धा दिवस. ही बातमी चष्मेवाल्याने रस्ताभर पोचवली, घरपोच. मग म्हणे सजावट निवडा. जी निवडली तिच्यावर एक डोंगर आला आणि एक कॉफीचा कप. डोंगराचा किल्लीशी काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. काढता येईना म्हणून आहे. आणि साइट फुकटची, म्हणजे खाली जाहिराती त्यांच्या मर्जीच्या — त्यांची मर्जी काय असावी? प्रत्येक किल्लीखाली: 'किल्ली विसरा, बोटाने दार उघडा.' न्हाव्याच्या आरशावर टकलाची जाहिरात लावावी तसं. 'माझ्याविषयी' असं एक पान असतं. तिथे मी दोन ओळी लिहिल्या, त्यातली एक खोडली. कुठली ते जाऊ द्या.

आता माझी खरी अक्कल ऐका. मी माणूस नीटनेटका. प्रत्येक किल्ली ग्राफ पेपरवर ठेवली, बरोबर वरून फोटो काढला, चौकोन मोजता येतील असा, आणि खाली कुठल्या गल्लीतल्या कुठल्या दाराची तेही वहीतून उतरवलं. दोनशे बारा किल्ल्या. महिनाभर खपत होतो. चष्मेवाल्याने पाहिलं आणि म्हणाला, 'वा, चोरांची एवढी सेवा आजवर कोणी केली नव्हती.' खरंच की — असा फोटो मिळाला तर ज्याचा कानशीवर हात बसलाय तो नुसता बघून किल्ली कापेल, वर दारापर्यंतचा रस्ताही आम्हीच सांगितलेला. बत्तीस वर्षं किल्ल्या कापतोय मी, आणि हे मला चष्मेवाल्याने सांगायचं. त्याच दिवशी सगळे पत्ते काढले आणि फोटो पुसट केले, इतके की किल्ली आहे की वाळका मासा ते कळू नये.

सगळे म्हणजे — एक राहिला. एकशे सदतीस. राहून गेला. ही म्हणाली, 'राहून गेला की ठेवलात?' मी म्हटलं, माणूस आहे, एखादी चूक होते. 'तुमच्याकडून? नोंदीत?' म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. अहो, पत्ता नाही तिथे. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. आणि चोर आलाच तर माझ्याच घरी येईल, काय नेईल — वह्या? नेऊ दे, वाचू दे, शिक्षा भोगू दे. आता गंमत बघा, कुठल्या पानाला किती भेटी झाल्या त्याची एक यादी येते मला. छत्रीवाल्याला चार भेटी, त्यातल्या तीन माझ्या. एकशे सदतीसला एकतीस. मी ते पान एकदाही उघडलेलं नाही. ही म्हणते, तिनेही नाही. म्हटलं, चोरच असेल. पण चोर एकतीस वेळा बघत बसत नाही, ताई. चोराला कामं असतात.

तुम्ही हसत नाही. मघाशी हसत होतात.

माझ्या धाकट्या भावाची. आमच्या घराची किल्ली, त्याच्या वाटची. इथेच बसायचा, तुम्ही बसलात तिथे — स्टूलही त्याचंच. हात चांगला होता, खोटं कशाला बोलू, फक्त तिसरी खाच उथळ राहायची. नेहमी तिसरीच. घाई. एकदा एक गिऱ्हाईक किल्ली फिरत नाही म्हणून परत आलं, दुकानात आणखी चार माणसं, आणि माझं तोंड कसं आहे ते तुम्ही एव्हाना ऐकलंच. मी म्हटलं, 'याच्या हातची किल्ली फक्त खिशात वाजते.' लोक हसले. चांगले हसले, मलाही बरं वाटलं — हे वहीत नाही लिहिलेलं. त्याने खिशातून घराची किल्ली काढली, या फळीवर ठेवली. म्हणाला, 'ही तुझ्या हातची आहे, दादा. ठेव.' आठ वर्षं झाली. वहीत एवढंच आहे: 'एकशे सदतीस. नेली नाही.' आणि ती खोडलेली ओळ — 'हे दुकान दोघा भावांचं आहे.' आहे लिहू की होतं लिहू, तिथे अडलो, म्हणून खोडली. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे सगळं? झाली ही. द्या तुमची.

नवी कोरी आहे की. कोणी कापली? — थांबा. दिवा पुढे घेतो.

तिसरी खाच.

वरची ती एकशे सदतीस काढतो जरा. पाठीला पाठ लावून बघू… हं.

कोणी दिली म्हणालात? …नवऱ्याने. …याच दुकानातून हिची दुसरी करून आण म्हणाले. …आणि स्वतः? …बसस्टॉपवर. बरं. ऊन आहे तिथे.

मग बोलला का नाहीत इतका वेळ? …नाही, तेही बरोबर. मी बोलू दिलं असतं तर.

हिची दुसरी मी करत नाही. माणशी एक पुरते. पकडीत धरतो क्षणभर, तुम्ही तिकडे रस्त्याकडे बघा — कानशीचे दोनच हात मारायचेत. …झालं. हे तुम्ही पाहिलेलं नाही. विचारलं तर सांगा, दुकानदाराने किल्ली उजेडात धरली, बरोबर आहे म्हणाला, हात लावायची गरजच पडली नाही म्हणाला. शब्दन् शब्द असाच सांगा. बाकी मी जे बडबडलो ते या चुऱ्यासारखं झटकून टाका. कुलूप तेच आहे, पण तेही सांगू नका, लावलं की कळेल. सहाला तुमच्या जाऊबाई शाळेतून घरी येतात.

उठा आता. सावकाश, स्टूल कलतं ते. मला कामं आहेत — एक फोटो पुसट करायचा राहून गेलाय.