जावयानं घातलेलं कासवाचं कुंपण

"आई, हळू बोल, जावई हायत ते!" लेक माझा पदर ओढत होती.

"हायत तर हायत! कासव रस्त्यावर गेलं होतं, ट्रकखाली आलं असतं!"

गोष्ट जुनी आहे, तेव्हा कासव पाळायला कोणी अडवत नव्हतं. उस्मानपुऱ्यात आमच्या अंगणात जावईबापूंनी हौसेनं त्याच्यासाठी जाळीचं कुंपण घातलं. मी आधीच बजावलं होतं, "कासवाला पलीकडचं दिसलं की ते तिकडंच ढुसण्या देतं, खालून उकरतं. जाळी नको, शहाबादी फरशी उभी गाडा." पण ऐकतंय कोण? आमच्याकडं जावयानं वाकडा खिळा ठोकला तरी सगळे वाहवा करतात. आमच्या यजमानांनी तर कुंपणापुढं नारळ फोडला!

त्याच दुपारी शेजारची सलमा ओढणीत कासव गुंडाळून आली. "खाला, ये तो सड़क पे चल रहा था!"

बघते तर जाळीखाली हातभर खड्डा.

जावईबापू म्हणाले, "मामी, जाळी पक्कीच हाय. कासवालाच खोड हाय."

यजमानांनी लगेच मान डोलावली. "व्हय, व्हय, कासवच लई आगाऊ."

माझं डोकंच फिरलं. सलमाच्या हातातलं कासव उचललं आणि जावईबापूंच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "तुमचा मान राखायला अख्खं घर हाय, पण तुम्ही जावई हायत हे ह्याला कुणी सांगितलेलं नाय, तवा उद्या गुमान फरशी गाडा."