नवरदेवाची भजी

...एप्रिल होता की मार्च संपत आला होता, तेच आधी मला आठवत नाही, आणि वर्षाचं तर विचारूच नका. दोन हजार सहा असावं. किंवा सात. आमच्या दत्तप्रसादकडे, म्हणजे मुलाकडे, तेव्हा तो घडी घालून मिटायचा मोबाइल होता, त्यावरून मी सहा धरतो. चुकत असेन तर सांगा. पण मला एक सांगा, माणसानं भजी खाताना काय दर भज्याला विचारायचं, की बाबा रे, तू नर का मादी? विचारतं का कुणी? तुम्ही विचारता? मग मीच तेवढं का विचारायला हवं होतं?

थांबा, क्रमानं सांगतो. माझा विषय संभाव्यता. पीएच.डी. त्यातच केली, उभी हयात कॉलेजात तीच शिकवली, त्यामुळे जगात कुठलीही गोष्ट खात्रीनं सांगता येत नाही एवढं मी अगदी खात्रीनं सांगू शकतो. तर निवृत्त झालो आणि पेठेतल्या दोन खोल्या सोडून आम्ही दोघं मुलाकडे खराडीला राहायला आलो. नववा मजला. खिडकीतून बघावं तर समोर काचेची इमारत, त्या काचेत आमची इमारत, आणि आमच्या इमारतीच्या खिडकीत मी, माझ्याचकडे बघणारा. बरं, घर मोठं, पण तुम्हाला सांगतो, त्यात माझं असं काही नव्हतं. हॉल टीव्हीचा. बेडरूम एसीची. अभ्यासाची खोली दत्तप्रसादच्या कॉम्प्युटरची. उरली बाल्कनी. ती कुणालाच नको होती, म्हणून माझी झाली. सकाळी उठून जायला एक जागा. नोकरी गेलेल्या माणसाला सकाळी उठून कुठेतरी जावं लागतं हो, मग ते तीन पावलांवर का असेना.

तिथे मी बाग केली. लोणी काळभोरहून माती आणि शेणखत आणलं, दत्तप्रसादच्या नव्या गाडीतून. त्या एका वाक्यात आमच्या घरातलं आठवडाभराचं भांडण आलं, मी पुढे जातो. टोमॅटो लावले, पानं मुरडली. मिरच्या लावल्या, त्यांवर पांढरी माशी आली. वाल लावला, त्याचं काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. उरला एक लाल भोपळा. मार्केट यार्डाजवळच्या दुकानातून बी आणलं होतं. दुकानदारानं विचारलं, "गोल देऊ का चपटा?" मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?" तो म्हणाला, "आजोबा, मला वाटतं, मागं रांग लागलीय."

आणि मग एके दिवशी जेवताना आमची सूनबाई, नम्रता, स्वभावानं फार चांगली, शांतपणे म्हणाली, "बाबा, रागावू नका. पण चार महिने झाले, माती वर येतेय, भाजी काही घरात येत नाही. आणि मी क्लायंटशी बोलत असते तेव्हा शेणखताचा वास येतो."

मी म्हटलं, "अगं, क्लायंट अमेरिकेत. त्याला कुठे येतोय वास?"

"मला येतो ना, बाबा. मे संपेपर्यंत एक भाजी दाखवा. एकच. नाहीतर जूनमध्ये अ‍ॅल्युमिनियमवाल्याला बोलावते, काचा लावून बाल्कनी बंद करून टाकू. माझं टेबल तरी बसेल तिथे."

दत्तप्रसाद आमटी भुरकत म्हणाला, "फेअर आहे, बाबा. डिलिव्हरेबल एकच तर आहे."

"कोथिंबीर चालेल?" मी विचारलं.

यावर आमची सुशीला म्हणाली, "कोथिंबीर भाजीवर फुकट मिळते. ती मोजत नाहीत." ही माझी बायको. म्हणजे माझ्या बाजूची.

तर झालं, सगळा भार भोपळ्यावर. आणि भोपळ्याला फुलं आली की हो. पिवळीधमक, हाताएवढी. रोज उमलायची, रोज गळायची. फळ शून्य. माझी झोप उडाली. आमच्या सोसायटीत बाग मंडळ होतं, रविवारी क्लबहाउसात जमायचं, सगळे माझ्यासारखेच, हातात खुरपं आणि डोक्यात शंका. त्याच्या प्रमुख हेमाताई दांडेकर, बी विंगच्या. त्यांना विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काळे, फुलाच्या खाली इवलासा भोपळा आहे का?"

"नाही. नुसता देठ."

"मग ते नर. आधी सगळे नरच येतात. आपल्याकडच्या वधुवर मेळाव्यासारखं. मुलगे पहिल्या रांगेपासून बसलेले, आणि मुलींचा पत्ता नाही. मुलगी आली की त्याच सकाळी उरकायचं. ऊन चढलं की ती मिटते, मग पुन्हा उघडत नाही. आणि नवव्या मजल्यावर मधमाश्यांची वाट बघत बसू नका. स्वतः लावून द्या."

चुकत असेन तर सांगा, पण एका सभ्य माणसाला हे सगळं चारचौघांत ऐकायला लागणं बरं नव्हे.

आणि मुलगी आली हो. एका संध्याकाळी पाहतो तर पानाआड एक कळी, आणि तिच्या खाली गोटीएवढा हिरवागार भोपळा. उद्या उमलणार, हे माझ्यासारख्यालाही कळत होतं. मी दोनदा चष्मा पुसून पाहिलं. आनंदात फिरायला गेलो, तीन फेऱ्या जास्त मारल्या, परत आलो तर घरात हा खमंग वास. सुशीलेनं भजी केली होती. कुरकुरीत, आतून मऊ, चव काहीशी गोडसर. मी म्हटलं, "आज एकदम खुशीत?" ती म्हणाली, "घ्या, घ्या, अजून आहेत." मी घेतली. अजून आणायला लावली. खाल्ल्यावर, तुम्हाला सांगतो, सगळं खाल्ल्यावर मी विचारलं, "कसली होती गं?"

"तुमच्या भोपळ्याच्या फुलांची. नुसती गळून वाया जायची रोज."

"अगं, सगळी तोडलीस?"

"ती खाली भोपळावाली ठेवली की. बाकीची तोडली."

"उद्याच्या कळ्या तरी?"

"कळ्या जास्त कुरकुरीत होतात," ती म्हणाली. "तुम्हीच तर मघाशी वेचून वेचून घेतल्या."

सकाळी बाल्कनीत गेलो, तर नवरी बोहल्यावर उभी, पिवळी साडी नेसून, आणि नवरदेव आदल्या रात्रीच बेसनात. आणि वऱ्हाडानं ते खाल्लेले! वऱ्हाड म्हणजे मी.

मग काय, पायजम्यावरच निघालो. बी विंग, चौथा मजला, बेल दाबली. दार उघडलं हेमाताईंच्या यजमानांनी, हातात वर्तमानपत्र. मी धापा टाकत म्हटलं, "हेमाताई आहेत का? मला नर हवा होता."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. आत तोंड करून म्हणाले, "अगं, काळे आलेत. त्यांना नर हवाय."

आतून आवाज आला, "त्यांना म्हणावं, घरात एकच आहे आणि तो पेपर वाचतोय."

मग हेमाताई बाहेर आल्या. मी भज्यांची हकिकत सांगितली. सांगायला नको होती असं आता वाटतं, पण तेव्हा खोटं सुचलं नाही. त्यांच्या बाल्कनीत भोपळ्याचा वेल असा पसरलेला, की पाय ठेवायला जागा नाही. नरफुलं तर ओळीनं उभी. पण बाई हात लावू देईनात.

"तुमचा भोपळा कुठला?"

"मार्केट यार्डाजवळच्या दुकानातला."

"म्हणजे घराणं ठाऊक नाही."

"अहो, भोपळ्याचं घराणं..."

"माझं बी आजोळहून आलंय, काळे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच परसात. उद्या तुमच्याकडे काहीतरी वेडंवाकडं निपजलं, तर लोक म्हणणार, दांडेकरांकडचा नर."

"नाही म्हणणार. मी कुणाला सांगणार नाही."

"का? लपवण्यासारखं काय आहे आमच्यात?"

मी नुसतं बाहेरच्या उन्हाकडे बोट दाखवलं. शेवटी यजमानच पेपरमागून म्हणाले, "देऊन टाक गं. ऊन चढतंय. मुलीकडचे ताटकळलेत." तेव्हा त्यांनी एक फूल, लांब देठासकट, कात्रीनं कापून माझ्या हातात दिलं, आणि बजावलं, "फळ धरलं तर पहिली फोड इकडे. आम्ही मुलाकडचे."

फूल दोन्ही हातांत धरून मी आमच्या विंगमध्ये आलो, लिफ्टमध्ये शिरलो, आणि वार होता गुरुवार. वार मला नक्की आठवतो, कारण वीज गेली, आणि ती तेव्हा दर गुरुवारी जायची. लिफ्ट थांबली, पंखा थांबला. आत मी, फूल, आणि सहाव्या मजल्यावरचा अल्ताफ, गळ्यात कंपनीचा बिल्ला, रात्रपाळी करून घरी चाललेला. त्यानं अंधुक उजेडात फूल बघितलं. "अंकल, आंटीसाठी? सो स्वीट."

"नाही रे. हा नर आहे."

तो थोडा मागे सरकला. मग मी त्याला सगळं सांगितलं, बाल्कनी, मे महिना, अ‍ॅल्युमिनियमवाला, भजी. पोरगं मन लावून ऐकत होतं. म्हणाला, "म्हणजे अंकल, डेडलाइन आहे, रिसोर्स एकच आहे, आणि बॅकअप तुम्ही खाल्लात."

"हो."

"मग तर सीरियस इश्यू आहे." आणि त्यानं गळ्यातला बिल्ला काढून त्या बिल्ल्यानं फुलाला वारा घालायला सुरुवात केली. मला नाही, फुलाला. मी घामानं निथळतोय, आणि नवरदेवाला चवरी ढाळली जातेय. जनरेटर लागला, लिफ्ट हलली, तरी सहावा आल्यावर अल्ताफ काही उतरला नाही. म्हणाला, "आता रिझल्ट बघूनच झोपतो."

बाल्कनीत ऊन आलं होतं. नवरीच्या पाकळ्या कडेनं आक्रसायला लागल्या होत्या. मी नराच्या पाकळ्या सोलल्या, आतला परागाचा दांडा मोकळा केला. मागे सुशीला उभी. ती म्हणाली, "थांबा, मंगलाष्टकं म्हणू का?" अल्ताफ म्हणाला, "आंटी, नंतर." मी दांडा टेकवला, फिरवला. पुरेसा फिरवला का? परत फिरवला. जास्त तर नाही झालं? अल्ताफ म्हणाला, "अंकल, सेव्ह झालंय. आता सोडा."

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. फळ पिवळं पडून गळणार की फुगणार? संभाव्यता निम्मी-निम्मी, हे मी वर्गात किती सहज सांगायचो. मी दर तासाला जाऊन बघायचो. आणि तुम्हाला सांगतो, ते फुगलं. गोटीचं लिंबू झालं, लिंबाचा नारळ झाला. वेल तुटू नये म्हणून सुशीलेनं जुन्या साडीची झोळी करून टांगली. मे संपायच्या आत नम्रतेनं बाल्कनीत येऊन त्याला हात लावला, म्हणाली, "मस्त झालाय हो, बाबा. अ‍ॅल्युमिनियमवाल्याला नको म्हणून सांगते." एवढंच. बाल्कनी वाचली. पहिली फोड दांडेकरांकडे गेली. हेमाताईंनी तिचे घारगे करून पाठवले आणि बरोबर निरोप, की मुलगा आमच्यावर गेलाय, गोडी तुमच्याकडची नाही.

नंतर बरीच वर्षं मी बागवाला म्हणून मिरवलो. मंडळात नव्या लोकांना सांगायचो, हाताच्या जोरावर मी बाल्कनी राखली. मग सोसायटीची एक सभा झाली. अकराव्या मजल्यावरच्या कुणालातरी बाल्कनीला काचा लावायच्या होत्या, आणि सेक्रेटरी म्हणाले, परवानगी नाही, इमारतीचं बाहेरचं रूप बदलता येत नाही. मी विचारलं, "हा नियम कधी झाला?" ते म्हणाले, "काळेकाका, पहिल्या दिवसापासून आहे. तुमच्या नम्रतानं राहायला आल्या आल्या विचारलं होतं, तेव्हाच नाही म्हणून सांगितलं." माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून मी परत विचारलं. चूक नव्हती.

घरी आलो. सुशीला भाजी निवडत होती. मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग ती मेची मुदत?"

"ती मीच नम्रतेला द्यायला सांगितली."

"का पण?"

तिनं मान वरही केली नाही. "तुम्ही निवृत्त झाल्यापासून दिवसभर स्वयंपाकघरात माझ्यामागे उभे राहून विचारत होतात, मीठ घातलंस का. उन्हाळा होता. मला जरा वारा हवा होता."

मी नम्रतेला विचारलं, तुलाही सगळं ठाऊक होतं? मग दत्तप्रसादला. दोघंही हो म्हणाले.